भिकुबाईच्या दारावरचा खोका

१

भिकुबाईच्या दाराच्या कडीला कोणीतरी केळीचा रिकामा खोका बांधून ठेवला होता. पुठ्ठ्याचा, रावेरकडून माल भरून येतो तसला. आत काही नव्हतं, पण अर्थ शेंबड्या पोरालाही कळत होता. हल्ली आपल्याकडे खोका म्हटलं की केळी कोणाला आठवतात?

आमचं मोरवड अमळनेरहून धुळ्याला जाताना लागतं. नगरपालिका आहे म्हणून शहर म्हणायचं, एवढंच. आदल्या दिवशी, गुरुवारी, नगराध्यक्ष प्रेमराज यांच्यावरचा अविश्वास ठराव एका हाताने पडला. चौदा हात लागत होते, तेरा वर झाले. चौदावा हात भिकुबाईचा होता आणि ती सभेला फिरकलीच नाही.

ठराव उगाच आला नव्हता. मुलींच्या शाळा क्रमांक चारचं छप्पर वादळात उडालं. अंदाजपत्रकात त्यासाठी पैसे ठेवले होते. प्रेमराजांनी ते उचलून वेशीवरच्या स्वागत कमानीत घातले. आता कमानीवर दिवे रंग बदलतात आणि पोरी मारुतीच्या पारावर बसून पाढे म्हणतात. वर पुन्हा हेच प्रेमराज म्हणतात की मुली कमी झाल्या, शाळा बंद करू. छप्पर नसलेल्या शाळेत मुली कमी होणार नाहीत तर काय वाढतील?

मी मोतीलाल. पोलीस खात्यातून फौजदार म्हणून निवृत्त झालो. दूध आणायला निघालो होतो, खोका पाहून थांबलो. भिकुबाई पायरीवर बसली होती. तिची नात दिपमाला खोक्याची दोरी सोडायला धडपडत होती.

"फेकू नको व बेटा," भिकुबाई म्हणाली. "मजबूत शे. वह्या ठेवाले कामले यी."

मी विचारलं, "अक्का, खरं सांग. पैसे लिधात का तू?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की विचारल्याची लाज वाटली.

"मोतीभाऊ, तू बी?"

२

तिने मला घरात घेतलं, दार लोटलं आणि दिपमालाला पाण्याला पिटाळलं.

"पोर आज शायामा गयीच नही," ती म्हणाली. "तिले देखीसन पोरी खोका, खोका वरडतस. माले काय बोलो ते बोलो. त्या पोरनं काय चुकनं?"

या बाईने निवडणूक लढवली ती एका शाळेपायी. तिला स्वतःला सही करण्यापुरतं येतं. आणि आज त्याच शाळेच्या पोरी तिच्या नातीला खोका म्हणत होत्या. माझं डोकं तापलं. "मंग सभाले का बरं उनी नही?"

"गुरवारनी सभा शे, हाई माले माहीत व्हतं. पहाटेच आंग धोयं, चांगलं लुगडं नेसनू, गाडीनी वाट देखत बठनू. तितलामा सूनना मोबाईलवर फोन उना. 'अक्का, सभा सकाय शे. गाडी सकाय यी.' बस, इतलंच. लगेच बंद."

आमच्या अहिराणीत सकाय म्हणजे उद्या. सभा पुढे ढकलली असं ती समजली. धुळ्याला नणंदेचा सासरा वारला होता, तर सुनेला घेऊन एसटीने तिकडे दारावर, म्हणजे सांत्वनाला, जाऊन आली. सुतकाच्या घरात फोन वाजायला नको म्हणून सुनेने तो बंद ठेवला. इकडे गाडी आली, दाराला कुलूप. तिकडे सभेत हात मोजले गेले.

"फोन कोनाना व्हता?"

"नाव अभयशेटनं उनं. पन आवाज दबेल व्हता. आनी मना एक कान गयेल शे."

"मंग गावले का सांगं नही?"

"मना धनी वारना तवय सायरबाई मना पोऱ्हेस्ले जेवू घाली ऱ्हायंती. तिना आंडोरनं नाव मी चव्हाटावर कशी लेऊ? खात्री नसतांना?"

अभयकुमार हा सायरबाईंचा मुलगा, पालिकेचा उपाध्यक्ष. ठराव त्यानेच आणलेला. ठराव पास झाला असता तर खुर्ची त्यालाच मिळणार होती. आणि त्याच्याच फोनवरून त्याचाच ठराव पाडला गेला होता.

३

ठरावाआधी नगरसेवकांना सहलीला न्यायची आपल्याकडे रीत आहे. कोणी फोडू नये म्हणून. चाळीसगावजवळच्या एका शेतघरात तेरा जणांना नेऊन ठेवलं होतं. सगळ्यांचे मोबाईल एका पिशवीत बंद, फक्त अभयकुमारचा बाहेर. भिकुबाई तेवढी गेली नाही. "मी काय बकरी शे, चाराले लई जावाले?" असं म्हणाली होती. तेव्हा लोक हसले होते, आता तेच वाक्य तिच्याविरुद्ध सांगत होते.

तेरातले दहा जण रात्रीच्या 'कार्यक्रमा'नंतर दिवस वर येईपर्यंत शुद्धीत नव्हते. हे ड्रायव्हरने सांगितलं, आणि एकेकाला उचलून त्यालाच गाडीत घालावं लागलं होतं म्हणून तो रागाने सांगत होता. पहाटे जागे होते तिघेच: अभयकुमार, सुलक्षणाताई आणि भाईदास आबा.

मी ठरवलं, तिघांपुढे एकच वाक्य टाकायचं. फोनचं बोलायचं नाही, शब्दाचं तर नाहीच.

अभयकुमार कापडाच्या दुकानात गादीवर बसला होता. चहा मागवला, पण डोळे थकलेले.

"शेठ, अक्का म्हणते तिला चुकीचा निरोप गेला."

"निरोप?" तो ताठ झाला. "कोणी दिला? अहो, मी तर गाडी पाठवली. ड्रायव्हर कुलूप बघून आला. मोतीभाऊ, माझ्या आईने त्या बाईला घरची मानली, आणि तिने ऐन वेळी..." त्याने चहाचा कप बाजूला सारला.

"पहाटे तुमचा फोन कुठे होता?"

"मागच्या खोलीत, चार्जिंगला. मी पहाटे सामायिकाला बसतो, आम्हा जैनांचं ध्यान ते. तोंडाला मुहपत्तीचं फडकं, मौन. घर पेटलं तरी उठत नाही."

"कोणी उचलला तर?"

"उचलू दे. कुलूप-बिलूप नाही त्याला. दुकानातले सगळे वापरतात."

निघता निघता मी सहज विचारलं, "कमानीचं सिमेंट तुमच्या भावाच्या दुकानातून गेलं म्हणे?"

शेठचा चेहरा उतरला. "धंदा वेगळा, राजकारण वेगळं," तो म्हणाला. हे वाक्य ज्याने शोधलं त्याच्या नावाने गावोगाव कमानी उभारल्या पाहिजेत. पण ठराव पाडणं निराळं. पुढ्यात आलेली खुर्ची स्वतःच्या हाताने कोण लाथाडेल?

४

सुलक्षणाताईंचं माहेर नाशिकचं. लग्न होऊन आल्या आणि दोन वर्षांत नगरसेविका झाल्या. सासऱ्यांची जागा महिलांसाठी राखीव झाली, म्हणून. बाई मात्र हुशार आणि फटकळ.

"ताई, अक्का म्हणते तिला चुकीचा निरोप गेला."

"मग तारीख चुकीची सांगितली असेल कोणी. पण नोटीस घरी गेली होती की, काका! मला नाही पटत." मग म्हणाल्या, "खरं सांगू? पैसे घेणारी बाई वाटत नाही ती. म्हणूनच जास्त राग येतो."

पहाटेचं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी चहा करत होते. खिडकीतून अभयशेठ समोरच दिसत होते, तोंड बांधून बसलेले. मी चहा गाळून बाहेर आणला तेव्हाही तिथेच. आबा निंबाची काडी घेऊन घरामागे फिरत होते."

म्हणजे शेठचा पत्ता कटला. राहिल्या त्या स्वतः. उठताना मी मुद्दाम म्हटलं, "बरं, बाकीचं सकाय बोलू."

त्या हसल्या. "आता सकाळच तर आहे, काका. बोला की."

त्या शब्दाचा दुसरा अर्थच बाईला ठाऊक नव्हता. जे हत्यार हातात धरता येत नाही त्याने वार कसा करणार?

आता उरले भाईदास आबा. आणि त्यांच्यावर संशय घ्यायचा म्हणजे देवळातल्या समईवर घेण्यासारखं होतं. शाळा क्रमांक चारचे ते जुने हेडमास्तर, आता नगरसेवक. त्या काळी तिथे मुलं-मुली एकत्र असायची. आम्ही सगळे त्यांच्या हाताखालून गेलो. 'शाळा वाचवा' मोर्चात पुढे तेच, ठरावाचं भाषणही त्यांनीच लिहिलेलं. भाषेला तर असे कडक की विचारू नका. आमच्या बोलीत ळ टिकत नाही. शाळेची शाया होते, फळ्याचा फया होतो. ळ चा य केला की आबांची छडी तळहातावर पडलीच. मी फया म्हणून कितीदा खाल्ली, आठवत नाही. भिकुबाईने तर त्याच पायी तिसरीत शाळा सोडली. 'शाया' म्हणाली म्हणून आबांनी तिला दिवसभर बाकावर उभी केली होती.

आबा घरी नव्हते. मुलाच्या, योगेंद्रच्या शाळेत गवंड्यांवर देखरेख करत उभे होते. योगेंद्रची ही खासगी शाळा, फक्त मुलांची. आवारात एक नवी इमारत उभी होती. भिंती पूर्ण, गिलावा वाळलेला, गवंडी फरशी बसवत होते.

"काय बांधताय, आबा?"

"स्वच्छतागृह. मुलींसाठी." आबांनी रुमालाने घाम पुसला. "बोल मोतीलाल, काय काढलंस?"

"अक्का म्हणते तिला चुकीचा निरोप गेला."

आबांनी मोठा सुस्कारा सोडला. "अरे, बिचारी अडाणी बाई. सकाळ आणि सकाय यांत गोंधळली असेल. कोणी सकाळी म्हटलं, तिने उद्या समजलं. तिला दोष देऊ नका रे कोणी. भाषाच शिकली नाही, ती काय करेल?"

मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! कोणाचंच पाप नाही, नुसती शब्दाची चूक. आबांच्या पायाला हात लावून मी घरी निघालो.

५

जेवताना सगळं कमलबाईला, माझ्या बायकोला सांगितलं. ती भाकरी वाढता वाढता थबकली.

"काय शब्द होता ते आबांना तुम्ही सांगितलं?"

"मी कशाला सांगू? मी एवढंच म्हटलं की चुकीचा..."

घास हातातच राहिला.

भिकुबाईने तो शब्द माझ्याशिवाय कोणाला सांगितला नव्हता. शेठने निरोप कोणी दिला असं विचारलं. सुलक्षणाताईंना वाटलं, तारीख चुकली. आबांनी मात्र न विचारता नेमका शब्द काढून दिला, वर त्याचे दोन्ही अर्थ समजावले. वाटेत काटा कुठे आहे हे ज्याने टाकला त्यालाच अंधारात माहीत असतं.

आणि ते स्वच्छतागृह! फक्त मुलांच्या शाळेत मुलींसाठी? गिलावा वाळला होता. म्हणजे पाया ठरावाच्या कितीतरी आधी खोदलेला. शाळा क्रमांक चार बंद पडणार आणि तिथल्या पोरी योगेंद्रच्या शाळेत येणार, हे आबांना तेव्हाच ठाऊक होतं. जितक्या पोरी तितकं अनुदान. मोर्चाच्या पुढे चालत हा माणूस मागे विटा मोजून घेत होता.

संध्याकाळी मी शेठला आणि सुलक्षणाताईंना आबांच्या ओट्यावर बोलावलं. भिकुबाईला आणायला स्वतः गेलो.

"आबासना घर?" ती म्हणाली. "त्यासनी तर माले काही बोलं बी नही. कसाले?"

"चाल तर खरी, अक्का."

६

आबांनी सगळ्यांना पाणी दिलं. मी पाणी घेतलं नाही.

आधी सगळ्यांना फोन सांगितला, मग शब्द. शेठ उठून उभाच राहिला. "माझ्या फोनवरून? अक्का, आणि तुम्ही मला एका शब्दाने विचारलं नाही?"

"तुनी मायनं तोंड आडं उनं, शेट," भिकुबाई म्हणाली.

मी आबांकडे वळलो. "आज दुपारी तुम्ही म्हणालात, ती सकाळ आणि सकाय यांत गोंधळली. तिला हाच शब्द ऐकवला गेला, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

आबांचा चेहरा हलला नाही. हेडमास्तरच ते. "बरं, समज फोन मीच केला. शेठ सामायिकाला बसले होते, म्हटलं आपण कळवावं. सभा सकाळी आहे, गाडी सकाळी येईल. यात खोटं काय आहे? सभा सकाळी होती की नव्हती? गाडी सकाळी गेली की नाही गेली?"

त्यांनी पळवाट आधीच बांधून ठेवली होती, स्वच्छतागृहासारखीच. उद्या कोणी धरलंच तर म्हणायचं, मी सकाळी म्हटलं, ती उद्या समजली.

"आबा," मी म्हटलं, "जन्मभर तुम्ही घरातल्या कुत्र्यालासुद्धा शुद्ध मराठीत हाकललं. ळ चा य केला म्हणून माझे हात फोडलेत. सख्ख्या आईशी सुद्धा तुम्ही अहिराणी बोलत नव्हता, गाव साक्षीला आहे. मग त्या पहाटे अक्काशी 'सभा सकाय शे' कसं निघालं तोंडातून? तुम्ही सकाळी म्हटलं असतं तर तिला सकाळ कळली असती. तिसरीपर्यंत तुमच्याच छडीखाली होती ती. एकदाच ळ गाळलात, आबा. नेमका त्याच दिवशी."

बांधकामाचं मी सुलक्षणाताईंना बोलावतानाच सांगितलं होतं. त्या हळूच म्हणाल्या, "आणि ते मुलींचं स्वच्छतागृह."

"कोणाला कळवळा असेल तर त्यात गुन्हा नाही," आबा म्हणाले. मग एकदम ओरडले, "अरे, तुमच्या त्या शाळेला छप्पर तरी मिळणार होतं का? प्रेमराज गेला असता, अभयकुमार आला असता, कमानीऐवजी कारंजं झालं असतं! माझ्याकडे निदान पक्क्या भिंती आहेत. पोरी पंख्याखाली बसतील. मी वाईट काय केलं?"

शेठने मान खाली घातली. भावाचं सिमेंट आठवलं असेल.

भिकुबाई आबांकडे वळली. ती म्हणाली, "आबा, तुम्ही माले मत देवाले येऊ दिधं नही, ते ऱ्हाऊ द्या. पन मना दारले खोका बांधा, तवय तुम्ही काहीच का बोलनात नही?"

आबांनी पाण्याचे पेले गोळा करायला घेतले.

७

वाचणाऱ्याला वाटेल, आता न्याय झाला. कसला न्याय? पडलेला ठराव लगेच पुन्हा आणता येत नाही, कायदा आहे. दोन अर्थांचा शब्द बोलणं हा कुठल्या कलमात गुन्हा आहे ते मला तरी माहीत नाही, आणि माझी सगळी नोकरी कलमांत गेली. आबांनी 'प्रकृतीच्या कारणास्तव' राजीनामा दिला. प्रेमराजांनी त्यांचा सत्कार केला, कमानीखाली, दिवे लावून. जूनमध्ये शाळा क्रमांक चारला टाळं लागलं.

एवढं मात्र झालं की गावाला खरं कळलं. सुलक्षणाताईंनी भर सभेत उभं राहून सांगितलं. शेठ आईला घेऊन भिकुबाईच्या घरी गेला आणि सायरबाई तिच्या गळ्यात पडून रडल्या. ज्यांनी खोका बांधला होता ते कोण, हे आम्हाला ठाऊक होतं. ते आता तिला वाकून नमस्कार करत होते. मला त्यांची शिसारी येते, पण गाव म्हणजे असंच.

योगेंद्रच्या शाळेत मुलींचे प्रवेश सुरू झाले तेव्हा भिकुबाईने मला सोबत नेलं. मुलींसाठी गावात दुसरी शाळा उरली नव्हती. टेकायचं म्हटलं तर भिंत तीच. दिपमालाच्या वह्या-पुस्तकं तिने केळीच्या त्या खोक्यात भरून डोक्यावर घेतली होती.

दारातच आबा बसले होते. तिला पाहून उठले, घाईघाईने पुढे आले. "या, या, अक्का. नातीची फी घेणार नाही मी. आज गर्दी आहे. तुम्ही असं करा, सकाळी या."

रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं.

भिकुबाईने खोका खाली ठेवला. डोक्यावरचा पदर सारखा केला. आणि तिसरीत बाकावर उभी केलेली ती पोर सगळ्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "सकाळी, का सकाय? ते आज आठेच सांगी द्या, आबा. ळ माले येस."

आबांनी प्रवेशाची वही पुढे ओढली आणि दिपमालाचं नाव लिहायला घेतलं. मला वाटलं होतं, हे बघून बरं वाटेल. नाही वाटलं. बाहेर मारुतीचा पार रिकामा पडला होता आणि वेशीवर भर दुपारी कमानीचे दिवे चालू होते.